व्हीएमवेअर की प्रॉक्समॉक्स?
अंधेरीच्या ऑफिसात आमचे तीन सर्व्हर, सांभाळणारे दोघे. म्हणून हा प्रश्न: एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या या दोन सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यावं? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबून वर्गणी आली, आणि लोक प्रॉक्समॉक्सकडे बघू लागले.

व्हीएमवेअरचे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं व्हीसेंटर म्हणजे वेगळं आभासी मशीन. आवृत्ती ८ मध्ये सर्वांत छोट्या मांडणीलाही १४ जीबी रॅम खातं. प्रॉक्समॉक्समध्ये कुठल्याही नोडचा (म्हणजे सर्व्हरचा) ८००६ पोर्ट ब्राउझरमध्ये उघडा, अख्खा क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या नोडचा गट, समोर. पण क्लस्टर चालायला कोरम, म्हणजे नोडच्या मतांचं बहुमत, लागतं. दोनच नोड असतील तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारं क्लस्टरबाहेरचं मशीन, जोडा, नाहीतर एक पडला की दुसऱ्यावर नवं मशीन सुरूच होत नाही.

भार आपोआप वाटण्यात व्हीएमवेअरचं डीआरएस जास्त मुरलेलं. पण तीन सर्व्हरसाठी ते म्हणजे अंधेरी ते विलेपार्ले या एका स्टेशनसाठी फर्स्ट क्लासचा पास!