समोर पाय! : जयपूर फूट दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी आमच्या वावरात स्प्रिंकलरचे जे काळे पाइप पसरलेले असतात, त्याच जातीच्या एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपातून माझा डावा पाय तयार झाला आहे. फरक एवढाच, की त्याचा रंग गव्हाळ आहे. नागपूरच्या ज्या केंद्रात तो बनवला, तेथील कारागिराने माझ्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतला, पाइपाचा तुकडा भट्टीत मऊ होईपर्यंत तापवला आणि साच्यावर ओढून बसवला, तेव्हा मी बाकावर बसून ते सगळे पाहत होते. वावरात उंदराने कुरतडलेला पाइप फेकून देताना आता माझा हात क्षणभर थांबतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मागच्या वर्षी जानेवारीत दुचाकीच्या अपघातात डावा पाय चिरडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. गुडघा वाचला, ही मोठीच गोष्ट झाली. त्याची किंमत मला गुडघ्याच्या वर पाय गेलेल्या माणसांना चालताना पाहिल्यावर कळली. हा जयपूर फूटचा पाय नोव्हेंबरात बसवला. त्यानंतर एक हिवाळा, एक उन्हाळा आणि पोळ्यापर्यंतचा पावसाळा त्याच्यासोबत काढला आहे, तेव्हा आता काही लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे असे मी समजते.

त्याआधीच्या पहिल्या पायाबद्दल थोडे सांगायला हवे. जखम भरून जेमतेम दोन महिने झाले असताना एका शिबिरात माप घेतले गेले आणि पाय मिळाला. पाय फुकट होता, गळ्यात हार पडला, फोटोही निघाला. परंतु कापलेल्या पायाला सूज असते आणि ती पहिल्या वर्षभरात हळूहळू उतरत जाते, त्यामुळे सुजेवर घेतलेले माप टिकत नाही, हे तेथे कोणी सांगितले नाही. मे महिन्यापर्यंत खुंट (डॉक्टर स्टंप म्हणतात, आम्ही आपापसांत खुंटच म्हणतो) सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात, विहिरीतल्या बादलीसारखा आपटू लागला. शिवाय तो पाय बूट घालून चालण्याच्या बेताने केलेला, कडक टाचेचा होता. बूट काढला की टाच खाली जाऊन शरीर मागे झुकायचे. अंगणवाडीत, देवघरात आणि स्वयंपाकघरात आमच्याकडे कोण बूट घालून फिरते? मुलांसोबत सतरंजीवर बसले, की तो पाय बंडीच्या दांडीसारखा समोर ताठ उभा राहायचा आणि मुले त्यावर पाटी टेकवून लिहायची. तक्रार घेऊन गेले, तेव्हा दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून एकदा साधन घेतले की दुसऱ्यासाठी साधारण तीन वर्षे थांबावे लागते, असे उत्तर मिळाले. लहान मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे, कारण मुले वाढतात. नव्याने पाय गेलेल्या मोठ्या माणसाचा खुंट त्याच वर्षात आटतो, याचा विचार मात्र नियमात कोठे दिसत नाही. तो पाय सध्या माळ्यावर आहे.

जयपूर फूटची कल्पना नेमकी याच अडचणीतून आली होती. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस जमिनीवर बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या आणि चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी हे पाऊल घडवले. आत टाचेला व चवड्याला स्पंजसारखे रबर, घोट्याच्या जागी लाकूड आणि या सगळ्यावर साच्यात तापवून बसवलेले कातडीच्या रंगाचे रबर, अशी त्याची रचना आहे. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पायाचे हे पाऊल सर्व बाजूंना थोडे थोडे वळते, त्यामुळे मांडी घालता येते, ओबडधोबड जमिनीवर तळवा टेकतो आणि बूट लागत नाही. मी पहिल्या दिवशी अंगणवाडीत मांडी घालून बसले, तेव्हा एका चार वर्षांच्या मुलाने रबरी अंगठा दाबून पाहिला आणि "बाई, हा तं खोटा हाये" असे जाहीर करून तो पुन्हा ठोकळ्यांकडे वळला. गावातील मोठ्या माणसांना ही गोष्ट इतक्या सहजपणे कधी जमली नाही.

उकिडवे बसता येते असे सगळीकडे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाऊल वाकते, पण गुडघा पूर्ण मोडला की सॉकेटची मागची कड मांडीत रुतते, म्हणून चुलीपुढे चार-दोन मिनिटांच्या वर उकिडवे बसवत नाही. शौचालयासाठी आम्ही मधोमध भोक असलेली खुर्ची आणली. रात्री पाय काढलेला असताना तीच कामाची ठरते. जोडवे रबरी बोटात बसत नाही, म्हणून एकाच पायात आहे. सासूबाईंना ते फार दिवस टोचत होते. चपलेचा अंगठा रबरी बोटे धरू शकत नाहीत आणि चप्पल मागेच राहते, तेव्हा मागे पट्टा असलेली सपाट सँडलच घ्यावी.

हे सगळे झाले पायाबद्दल. चालणे मला शिकवले ते शेजारच्या गावच्या काकाजींनी.

त्यांचा पाय जाऊन चौदा वर्षे झाली आहेत आणि ते अजून स्वतः बंडी हाकतात. नागपूरहून पाय घेऊन आल्यानंतर पहिला महिनाभर मी भिंत धरून, पावलाकडे पाहत चालत होते. केंद्रात दोन दिवस समांतर दांड्यांमध्ये चालवून घेतले होते, पण घरी दांड्या कोठून येणार? बाजाराच्या दिवशी एसटी थांब्यावर माझी चाल पाहून काकाजी जवळ आले, त्यांनी धोतराचा सोगा वर करून स्वतःचा पाय दाखवला आणि म्हणाले, "पोरी, खाली नोको पाहू, समोर पाय." आमच्या वऱ्हाडीत 'पाहा' या शब्दाचा 'पाय' होतो, त्यामुळे ते नेमके काय सांगत आहेत हे कळायला मला एक क्षण लागला आणि मग रस्त्यातच हसू फुटले. खाली पाहिले की अंग पुढे वाकते आणि तोल जातो. समोर पाहिले की टाच आधी टेकते. त्या दिवशी मी एसटी थांबा ते दवाखाना हे अंतर भिंतीविना चालले. घरापासून अंगणवाडी चारशे मीटरवर आहे. डिसेंबरात तेथे पोचायला मला पंचवीस मिनिटे लागत, आता नऊ लागतात.

खुंटावर चढवायच्या मोज्यांचे गणितही मला त्यांनीच समजावले आणि नव्या माणसासाठी ते सर्वांत महत्त्वाचे आहे असे माझे मत झाले आहे. अशा पायात शरीराचा भार खुंटाच्या टोकावर येत नाही, येऊही नये; तो गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड बंधावर आणि नडगीच्या बाजूंवर पेलला जातो. सकाळी खुंट किंचित फुगलेला असतो, दिवसभर चालल्यावर तो आटतो, मग सॉकेटमध्ये खाली घसरतो आणि टोक तळाला ठेचाळू लागते. माणसाला वाटते, पाय बिघडला. वास्तविक त्या वेळी एक मोजा वाढवायचा असतो. मी सकाळी दोन मोजे घालते आणि गृहभेटींना निघण्यापूर्वी, म्हणजे दुपारी दोनच्या सुमारास, तिसरा चढवते. मोज्याला एकही सुरकुती राहता कामा नये. सुरकुतीचा फोड होतो. संध्याकाळी पाय काढला की आरशात खुंट सगळ्या बाजूंनी पाहायचा. दहा-पंधरा मिनिटांत जाणारा लालसरपणा ठीक असतो, त्याहून जास्त टिकला तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. खुंट रात्री साबणाने धुवायचा, सकाळी नाही, कारण ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलवटते. झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायचा मोह होतो. ती घेतली तर गुडघा वाकलेलाच आखडतो.

आम्ही सात जण आहोत. बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली भेटतो. एकाला पोलिओमुळे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, आहे, दोघे तीनचाकीवर येतात, बाकीचे आमच्यासारखे. मंडळ, नोंदणी, पदाधिकारी असे काही केलेले नाही. कुबडीच्या टोकाचे रबर तालुक्याला मिळत नाही, म्हणून नागपूरला जाणारा दहाच्या संख्येने आणतो आणि आम्ही वाटून घेतो. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज कोणाचा अडला, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 5 टक्के दिव्यांग निधी कोणत्या गावाने खर्चच केला नाही, एसटीच्या 75 टक्के सवलतीवर कोणता वाहक कुरकुर करतो, हे तेथेच कळते. आमच्यातील एक तरुण मुलगी रबरी बोटांना नेलपॉलिश लावून येते. साडीचा घोळ पायाच्या गुडघ्यावरच्या पट्ट्यात अडकू नये म्हणून निऱ्या थोड्या उजवीकडे घ्याव्यात, हे मला तिने सांगितले; काकाजींना ते विचारता आले नसते.

नसलेल्या पायाच्या दुखण्याविषयी मी घरी कोणाशी बोलले नव्हते. मध्यरात्री डाव्या पायाची बोटे, जी आता नाहीतच, मुठीसारखी आवळली जात आणि अंगठ्याला खाज सुटे. डोक्यावर परिणाम झाला की काय अशी भीती वाटे. एका बाजारी ते तोंडातून निघाले, तर चौघांनी एकदम माना डोलावल्या आणि काकाजी म्हणाले, "मायं बोट तं अजूनही खाजवते बाप्पा." मेंदूत त्या पायाचा नकाशा शिल्लक राहतो आणि कापलेल्या नसा संदेश पाठवत राहतात, हे डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितले. आरशात उजवा पाय पाहत दोन्ही पावले हलवल्याची कल्पना करण्याचा व्यायामही त्यांनी दिला. मला त्याने थोडा फरक पडला. गाढ झोप मात्र त्या बाजाराच्या रात्रीच लागली होती.

तरीही सोबत्यांचा प्रत्येक सल्ला मानू नये. मार्चमध्ये आमच्यापैकीच एकाच्या सांगण्यावरून मी सकाळी खुंटाला हळद आणि तेल चोळले, कातडी मऊ पडली, सॉकेटमध्ये घसरली आणि नडगीच्या टोकाशी बोराएवढा फोड आला. नऊ दिवस कुबड्यांवर काढले. पायाच्या बसण्याविषयी सोबत्यांना विचारावे, जखमेविषयी डॉक्टरांना.

आमच्या भागाचे दोन त्रास कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाहीत. पहिला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला, की सॉकेटमध्ये घाम साचतो, पाऊल टाकताना पचपच आवाज येतो आणि पाय घसरतो. दर दोन तासांनी पाय काढून खुंट पुसणे, मोजा बदलणे आणि सॉकेटच्या आतले फोमचे अस्तर, म्हणजे लाइनर, कोरड्या फडक्याने टिपून सावलीत ठेवणे, एवढाच उपाय आहे. उन्हात ठेवलेले लाइनर आकसते, हे मी एकदा करून पाहिले आहे. त्याच दिवसांत काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात आणि कुबडीचे टोक त्यात थेट उतरते. वावरात कुबडी नेण्यापेक्षा जाड बुडाची तुराटी बरी, असे म्हणणार होते, पण तीही मोडली.

दुसरा त्रास चिखलाचा. मृगाच्या पावसानंतर पांदणीतून जाताना काळी माती पावलाला थरावर थर चिकटते. खऱ्या पायाला ते ओझे जाणवते, आपण थांबून झटकतो. रबरी पावलाला काहीच कळत नाही आणि सगळा भार गुडघ्यावरच्या पट्ट्यावर येतो. जुलैमध्ये एका कमी वजनाच्या बाळाच्या घरी जात असताना माझा पाय पांदणीत रुतून उभाच राहिला आणि मी मोज्यानिशी बाहेर आले. पऱ्हाटीत निंदायला आलेल्या दोन बायांनी मला धुऱ्यावर बसवले, पाय उपटला, नाल्यात धुतला आणि हातात आणून दिला. तेव्हापासून पिशवीत माती खरवडायला खुरप्याचे तुटके पाते असते, मी दर पन्नास पावलांवर थांबते आणि शक्य तेथे धुऱ्याच्या गवतावरूनच चालते. पाऊल पाण्याने बिघडत नाही, ही या पायाची मोठी सोय आहे. पट्ट्याचे बक्कल मात्र गंजते.

दहा महिन्यांत पाय दोनदा कुरकुरला, तेव्हा घोट्याजवळचे स्क्रू ढिले झाले होते. ते नागपूरलाच आवळून घ्यावेत, गावच्या सायकलवाल्याकडे नाही. अंगठ्याच्या टोकाचे रबर झिजून आतला थर दिसू लागला आहे. खुंट अजून आटतो आहे, दुपारी आता तिसऱ्यावर चौथा मोजा चढवावा लागतो आणि पाचावर गेले की सॉकेटच नवे करावे लागते, असे कारागिराने सांगून ठेवले आहे. कापूस वेचणीच्या आधी आमच्यापैकी तिघे एकाच गाडीने नागपूरला जाणार आहोत. बक्कल पितळेचे मिळेल का आणि सॉकेटची मागची कड बोटभर उतरवून देता येईल का, हे तेव्हा विचारायचे आहे.