सिंदिया स्कूल, ग्वाल्हेर: मुलाला तिथे दोन वर्षं झाली, म्हणून लिहितेय

आम्ही कोरेगावचे. धाकट्याला सहावीत सिंदियाला घातलं आणि त्याला हाऊस (मुलांचा राहण्याचा गट) मिळालं ते नेमकं कनेरखेड. शिंदे घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड आमच्याच तालुक्यातलं! सासूबाई म्हणाल्या, "मग पोरगं तालुक्यातच आहे की." मला तेवढ्यानंच धीर आला.

धीर लागत होता, कारण आधीच्या एका निवासी शाळेत तो आठ महिन्यांत मिटून गेला होता. फोनवर फक्त "हो" आणि "नाही". त्यामुळे परत हॉस्टेल म्हटल्यावर घरात दोन महिने वाद झाले. या वेळी जायचं म्हणाला तो स्वतः, म्हणून पाठवला.

साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस थेट ग्वाल्हेरला जाते. पुढे टॅक्सी उरवाई दरवाजाने किल्ल्यावर चढते. वाटेत कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात, त्या बघताना मानच अवघडते. माधवराव शिंद्यांनी १८९७ साली ही शाळा सरदारांच्या मुलांसाठी काढली, १९०८ मध्ये ती किल्ल्यावर, लष्कराच्या जुन्या बराकींत आली. आता देशभरातली मुलं आहेत, सगळी मुलगेच. हाऊसची नावं मात्र महादजी, राणोजी, जयाप्पा, दत्ताजी. एका आसामच्या मित्रानं विचारलं, दत्ताजी कोण? तर आमच्यानं त्याला बुराडी घाटाची लढाई आणि "बचेंगे तो और भी लढेंगे" सगळं ऐकवलं. हे तो मला सांगत होता तेव्हा मला रडू आलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते अस्ताचल. किल्ल्याच्या पश्चिम कडेला उघड्यावर पायऱ्या आहेत. संध्याकाळी मुलं तिथे जमतात आणि सूर्य बुडेपर्यंत गप्प बसतात. मी पाहुणी म्हणून मागच्या पायरीवर बसले होते. खाली ग्वाल्हेर शहर धुरकट होत चाललेलं, दूर कुठेतरी हॉर्न वाजत होते आणि इथे एवढी पोरं असून चुळबूळसुद्धा नाही. माझा मुलगा चार ओळी पुढे, गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. तोही गप्पच होता, पण आठ महिने मी ऐकलेली ती शांतता ही नव्हती. खांदे सैल होते. सूर्य गेला, मुलं उठली आणि तो मागे वळून मला शोधून हसला.

फी लाखांत आहे, आम्ही एक प्लॉट विकला. ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक आणि घर लांब, त्यामुळे पहिले तीन महिने मुलाला आणि आईला दोघांनाही जड जातात. ज्या मुलाला मनातून जायचं नाही, त्याला कुठल्याच हॉस्टेलला पाठवू नका, हे मी कळकळीनं सांगते.

दिवाळीत आला तेव्हा वडिलांच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं. कुणी न सांगता सुईदोरा घेऊन बसला, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून ओवलं, चार टाके घातले आणि गाठ दातानं तोडली. बोलताना "अपन चलते हैं" तोंडात येतं, पण आजीशी अजून आपल्या गावचंच बोलतो.

बघायला जाणार असाल तर आधी शाळेची परवानगी घ्या आणि ऊन उतरायच्या आत वर पोचा. वर्ग नंतर बघता येतील, आधी अस्ताचलला बसा.