पांडुरंग की आनंदा?

भाचा बारावी झाला आणि निपाणीच्या घरात धुमश्चक्री सुरू झाली. बापाला इंजिनीअरिंग हवं, पोराला इतिहास. ताईचा फोन आला, "तूच समजाव रे त्याला." मी काय समजावणार? वीस वर्षांपूर्वी इंजिनीअरिंग नको म्हणून बेळगावात येऊन बी.ए. मराठीला बसलेला माणूस मी. म्हटलं, पुस्तक देतो. पण कुठलं? भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर की आनंद यादवांच्या 'झोंबी' या आत्मचरित्रात्मक कादंबरीतला आनंदा? दोघंही बापाच्या मनाविरुद्ध वागलेले. तुमच्या घरीही असंच काही शिजत असेल, तर माझा अनुभव बघा.

लेखन म्हणून मी 'कोसला'ला कमी लेखणार नाही. नेमाड्यांनी 1963 साली लिहिलेला पांडुरंग आजही कालच हॉस्टेल सोडून आल्यासारखा बोलतो. धाकटी बहीण मनी जाते तो भाग मी अजून सलग वाचू शकत नाही. तरी एक गोष्ट मला खुपत राहिली. त्याचं पुण्यातलं सगळं बंड बापाच्या पैशावर चालतं. बापाचा राग राग करायचा आणि खर्चाला बापाचेच पैसे.

यात माझंच दुखणं असेल. बेळगावच्या टिळकवाडीत खोली घेऊन मी 'कोसला' वाचत होतो, तेव्हा तंबाखू विकून पट्टीचे पैसे हातात आले की वडील निपाणीच्या बसकंडक्टरजवळ पाकीट द्यायचे. एकदा फोनवर मी त्यांना नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मात्र स्टँडवर पाकिटासाठी हजर. कंडक्टरनं खिशातून काढून दिलं. घडी घातलेल्या नोटांना तंबाखूचा वास होता. त्या वासासकट पांडुरंग परत वाचायला घेतला आणि पुढं जाववेना.

आनंदाचं तसं नाही. बापानं शाळेतून काढून मळ्यात जुंपलेलं पोर. सरळ तोंडावर नाही म्हणायची त्याची टाप नाही. म्हणून तो आईला फितवतो. दोघं मिळून गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडं जातात, आम्ही येऊन गेलो हे बापाला सांगू नका म्हणून विनवतात आणि बापाला वाड्यावर बोलावणं धाडायला लावतात. चक्क कट! मग सौदा ठरतो: सकाळी अकरापर्यंत पाणी पाजायचं, मळ्यातूनच शाळेला जायचं, सुटल्यावर तासभर गुरं चारायची. त्यातच कविता सुचली आणि कागद नसला, तर म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळ लिहायची. त्याच्या बंडाची किंमत तो स्वतःच्या अंगानं मोजतो.

शिवाय आनंद यादवांचं कागल निपाणीपासून हाकेच्या अंतरावर. भाच्याला भाषेसाठी अडावं लागणार नाही. त्याची आजी तशीच बोलते. कवितेची गोडी लावणारे मास्तर तर सौंदलगेकर. सौंदलगा म्हणजे आमच्या हायवेवरचं गाव, हे कळल्यावर भाचा पहिल्यांदा हसला.

उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या, भैरप्पांच्या 'वंशवृक्ष' या कन्नड कादंबरीतली कात्यायनीही डोक्यात होती. पण ती सून. सासऱ्याचं घर सोडून दुसरं लग्न करणाऱ्या विधवेचा पेच अठराच्या पोराला कितपत भिडेल, शंकाच आहे. ताईला दिलं तर ती मात्र एका बैठकीत संपवेल.

'झोंबी' जाडजूड आहे, मधे रेंगाळतं आणि मारझोडीची पानं अंगावर येतात. नाजूक मनाच्या पोराला कदाचित 'कोसला'च जवळचं वाटेल. माझा हट्ट नाही. मी आपलं 'झोंबी' दिलं. 'कोसला'ची माझी प्रत कपाटातच आहे. मागितली तर देईन. फक्त त्या दिवशी खोलीचं भाडं कोण भरतंय, ते आधी विचारीन.