फ्लोरिडातल्या काउंटीची इम्पॅक्ट फी: भरलेल्या पैशात रस्ता किती मिळतो?

पास्को, पोल्क, ऑसिओला, सेंट जॉन्स यांसारख्या फ्लोरिडातल्या झपाट्याने वाढणाऱ्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा स्थानिक कारभाराचा विभाग) नवं घर घेतलं की त्याच्या किमतीत रस्त्यांसाठीची एक रक्कम मुरलेली असते. बिल्डर ती काउंटीकडे भरतो आणि घराच्या किमतीतून वसूल करतो. कायद्याने ती बांधकाम परवाना मिळण्याआधी मागता येत नाही. हीच इम्पॅक्ट फी. पास्कोने 2011 मध्ये तिला मोबिलिटी फीचं, म्हणजे फक्त रस्त्यांऐवजी एकूण ये-जा सोयींसाठीच्या शुल्काचं, रूप दिलं. गिऱ्हाईक म्हणून पाहिलं तर नवी लेन बांधण्यासाठी ही सोय चांगली आहे, न्याय्यही आहे. पण या पैशातून एकही खड्डा बुजत नाही, आणि नव्या वसाहतीत घर घेणाऱ्या बहुतेकांना ही गोष्ट घर घेईपर्यंत कुणी सांगत नाही.

आकडा कसा निघतो ते आधी पाहू. अमेरिकेतले वाहतूक अभियंते 'ट्रिप जनरेशन मॅन्युअल' वापरतात. त्याच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र एककुटुंबी घरामागे दिवसाला सरासरी 9.43 फेऱ्या धरल्या आहेत, जाणं आणि येणं वेगवेगळं मोजून. प्रत्येक फेरीला दोन टोकं असतात, एक घराचं आणि एक दुकानाचं किंवा ऑफिसचं. तोच भार दोघांवर पडू नये म्हणून निम्म्या फेऱ्या घराच्या नावावर घेतात. समजा सरासरी फेरी 6 मैलांची आहे. मग घराचा रोजचा भार झाला साधारण 28.3 वाहन-मैल (एक गाडी एक मैल चालली की एक वाहन-मैल). आता समजा एक मैल लांबीची एक लेन बांधायला 50 लाख डॉलर लागतात आणि ती दिवसाला 8,000 वाहन-मैल पेलते. म्हणजे एका वाहन-मैलाला 625 डॉलर, आणि घरामागे जवळपास 17,700 डॉलर. हे घर पुढे पेट्रोलवरच्या करातून रस्ता वाढवण्यासाठी जे देणार ते यातून वजा करतात. ते 3,000 धरले तर उरतात 14,700.

इथपर्यंतचं गणित सरळ आहे. बिघडतं ते यानंतर. अभ्यासात आलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. काउंटी कमिशन, म्हणजे काउंटीचं निवडून आलेलं मंडळ, तिच्या निम्मीच लावू शकतं, आणि बिल्डरांचा दबाव असला की अनेकदा तसंच होतं. मग उरलेले सात हजार कुणी भरायचे? कुणीच भरत नाही. तेवढा रस्ता बांधलाच जात नाही आणि सिग्नलची रांग वाढत जाते.

कमी लावलेली फी नंतर एकदम वाढवताही येत नाही. 2021 च्या राज्य कायद्यानुसार 25 टक्क्यांपर्यंतची वाढ दोन समान वार्षिक हप्त्यांत करावी लागते, 25 ते 50 टक्क्यांची चार हप्त्यांत, आणि चार वर्षांत एकदाच. 50 च्या वर जायचं तर असाधारण परिस्थिती दाखवणारा अभ्यास आणि दोन जाहीर कार्यशाळा लागतात. वाढीव दर लागू करण्याआधी 90 दिवसांची सूचना वेगळीच. त्यामुळे दहा वर्षं दर गोठवून ठेवलेल्या काउंटीला डांबर, मजुरी आणि जमिनीचे भाव गाठणं अवघड जातं. सेवेतली आमच्या मते सगळ्यात मोठी खोट हीच. सुरुवातीचा दर पुरेसा ठेवणारी काउंटी निवडणं हा यावरचा ग्राहकाच्या हातातला एकमेव उपाय आहे.

क्रेडिटचा भाग सहसा कुणी उलगडून सांगत नाही. मोठा विकासक दोन हजार घरांची वसाहत उभारताना मुख्य रस्ता स्वतः बांधून देतो किंवा त्यासाठी जमीन देतो. त्याबदल्यात त्याला डॉलरला डॉलर क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी इम्पॅक्ट फी त्याला भरावी लागत नाही. रस्ता लवकर होतो, हा मोठा फायदा. पण ते क्रेडिट संपेपर्यंत त्या भागातून काउंटीच्या खात्यात रोख येत नाही. शेजारच्या जुन्या रस्त्याचं रुंदीकरण त्यावर अवलंबून असेल तर ते मागे पडतं. शिवाय वसुली विभागवार होते आणि पैसा साधारण त्याच विभागात खर्चावा लागतो, कारण फी देणाऱ्याला तिचा फायदा पोचला पाहिजे असा दंडक आहे. ही कसोटी योग्यच आहे. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीच्या 23,420 डॉलरच्या वाहतूक शुल्काच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की, शुल्क नियमावलीने सरसकट ठरवलं म्हणून ते या तपासणीतून सुटत नाही.

आता देखभालीकडे. नव्या वसाहतीच्या टोकाला असलेला जुना शेतरस्ता पाहा. जेमतेम दोन लेन, साइडपट्टी जवळपास नाही, खाली चुनखडीचा पाया. वसाहत उभी राहताना त्यावरून रोज माती, काँक्रीट आणि छपराच्या ट्रसचे (सांगाड्यांचे) ट्रक जातात. एका अ‍ॅक्सलचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळापट होते, हे अभियंत्यांना 1958 ते 1960 च्या इलिनॉयमधल्या चाचण्यांपासून माहीत आहे. समोरून ट्रक आला की गाडी कडेला उतरते आणि डांबराची कड तुटते. तुटलेल्या कडेतून पावसाचं पाणी पायात शिरतं. फ्लोरिडात भूजल वर असतं, त्यामुळे पाया ओला राहतो. मग चाकाच्या ओळीत मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. अशा ठिकाणी वरून डांबराचा थर टाकणं म्हणजे पैसा पाण्यात. तिथे पायापासून काम करावं लागतं. भेगा केसाएवढ्या असताना भरल्या असत्या तर खर्च त्याच्या कितीतरी पट कमी आला असता.

वसाहतीतले आतले रस्ते दुसऱ्या प्रकारे त्रास देतात. ते सगळे एकाच दोन-तीन वर्षांत बांधलेले असतात, म्हणून म्हातारेही एकदमच होतात. पहिली पंधरा वर्षं काउंटीला त्यांचा खर्च जाणवत नाही. मग एकाच वेळी शेकडो मैल खरवडून नवा थर द्यायची वेळ येते. तोवर इम्पॅक्ट फी कधीच खर्च झालेली असते, आणि शिल्लक असली तरी ती या कामाला वापरता येत नाही.

देखभालीचा पैसा मुख्यतः पेट्रोलवरच्या कराचा आणि मालमत्ता कराचा. केंद्राचा पेट्रोल कर गॅलनला 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून तिथेच आहे. फ्लोरिडात काउंटीला आणखी 12 सेंटपर्यंत स्थानिक कर लावता येतो. हेही ठराविक सेंट असल्याने महागाईबरोबर वाढत नाहीत, आणि त्यातला 1 ते 5 सेंटचा हिस्सा नेहमीच्या देखभालीला वापरायची परवानगीच नाही. स्वतः राहत असलेल्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला 3 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, त्यामुळे मालमत्ता करही जपूनच वाढतो.

पर्याय म्हणून विक्रीकरावरचा अधिभार आम्हाला बरा वाटतो. तो पर्यटकांकडूनही येतो आणि एका वस्तूच्या पहिल्या 5,000 डॉलरपुरताच लागतो. पण त्याला मतदारांची मंजुरी लागते. सेंट जॉन्स काउंटीत 2022 मध्ये एक टक्क्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. हिल्सबरो काउंटीत 2018 मध्ये एक टक्का मंजूर झाला, पण त्या प्रस्तावाने खर्चाच्या वाटपाचे अधिकार कमिशनकडून काढून घेतल्यामुळे 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि गोळा झालेला पैसा अडकून पडला. मसुदा वकिलाकडून नीट तपासून घेतला नाही तर असं होतं.

वाढ रोखायला काउंटीच्या हातात काय आहे? रस्ता तयार नसेल तर परवानगी नाही, ही 1985 च्या कायद्याची अट वाहतुकीपुरती 2011 मध्ये ऐच्छिक झाली. ती ठेवलेल्या काउंटीतही विकासक आपला वाटा भरून पुढे जाऊ शकतो. शिवाय आधीच मंजूर झालेली, अजून न बांधलेली घरं हजारोंनी असतात. नवी मंजुरी आज थांबवली तरी ती बांधली जाणारच.

घर ठरवण्याआधी काउंटीचा पाच वर्षांचा भांडवली कामांचा आराखडा उघडा. तो दरवर्षी सुधारला जातो. जवळच्या रस्त्यासमोर 'डिझाइन' लिहिलं आहे की 'कन्स्ट्रक्शन' ते बघा. फक्त डिझाइन असेल तर जमीन घेणं आणि पाण्या-विजेच्या लाइन हलवणं बाकी आहे, म्हणजे अनेक वर्षं तीच रांग. मग करबिलात नॉन-अ‍ॅड-व्हॅलोरम (घराच्या मूल्यावर न ठरणाऱ्या आकारणीच्या) रकान्यात सीडीडीची, म्हणजे वसाहतीच्या सोयींसाठी कर्ज काढणाऱ्या आणि त्या सांभाळणाऱ्या 'कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट'ची, रक्कम शोधा. कर्जाचा हप्ता आणि देखभाल वेगवेगळी मागा. पहिला कधीतरी फिटतो, दुसरी चालूच राहते. शेवटी वसाहतीचा नोंदवलेला प्लॅट, म्हणजे भूखंड आणि रस्ते दाखवणारा अधिकृत नकाशा, काढा. त्यावर रस्ते जनतेला समर्पित असल्याचं लिहिलं असेल आणि काउंटीने ते देखभालीसाठी स्वीकारले असतील, तर डांबर काउंटीचं. रस्ते खासगी असतील आणि फाटकाला कोड असेल, तर विसाव्या वर्षीचा डांबराचा थर घरमालक संघाच्या वर्गणीतून जाणार. संघाच्या राखीव निधीत रस्त्यांसाठी आज किती रक्कम आहे, ते लेखी मागून घ्या.