‘लापता लेडीज’ की ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’?

2024च्या माझ्या यादीत पहिल्या जागेसाठी हे दोनच सिनेमे होते, आणि दोन्हींत आपली छाया कदम! किरण रावचा ‘लापता लेडीज’ खळखळून हसवतो. स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई भाबड्या नववधूला, फूलला, कमवायला शिकवते, ते प्रसंग कितीदाही पाहावेत. ऑस्करसाठी भारतानं तोच पाठवला.

तरी माझा पहिला नंबर पायल कपाडियाच्या सिनेमाला. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवला म्हणून नव्हे. नवरा जर्मनीत असलेली नर्स प्रभा तिथून आलेला लाल राइस कुकर रात्री जमिनीवर बसून कुशीत घेते. एक शब्द नाही, पण तिचं एकटेपण आपल्या घशात दाटतं. संथ आहे, मान्य. मला तो संथपणाच हवा होता.