जळक्या ऑइलवर बारा-व्हॉल्व्ह कमिन्स: आठ महिन्यांनंतर

गाडी १९९६ची डॉज रॅम २५००, ५.९ लिटरचं बारा-व्हॉल्व्ह कमिन्स इंजिन, बॉशचा पी७१०० इंधन पंप. ठिकाण अमेरिकेतलं ओहायो, म्हणजे थंडीत पारा उणे १५ पर्यंत जातो. साधारण १४,००० किलोमीटर झाले. टाक्या दोन: एकीत नुसतं डिझेल, दुसरीत जळकं ऑइल (म्हणजे गाड्यांतून काढलेलं वापरलेलं ऑइल) मिसळलेलं डिझेल. सुरुवात निम्म्या-निम्म्याने केली होती. आता चार भाग डिझेलला एक भाग ऑइल, याच्या वर जात नाही.

आधी पंपाचं बघा. पी७१०० ला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं, त्यामुळे तो बराच अत्याचार सहन करतो. फोर्डच्या ७.३ आयडीआय डिझेल इंजिनावरचा रोटरी पंप मात्र इंधनावरच वंगण आणि थंडावा घेतो. गाळणीतून निसटलेला बारीक कचरा थेट त्याच्या रोटरला खातो. कॉमन रेल (नव्या डिझेल गाड्यांतली फार जास्त दाबाची इंधन यंत्रणा) असेल तर विषयच सोडा. आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर दुप्पट सोडा, कारण काजळी जळून जाते, राख जळत नाही.

ऑइल घेताना नाकाचा उपयोग करा. १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं. एटीएफ तर पातळ असल्याने उत्तमच. गिअर ऑइल नको, त्यात गंधक फार. कूलंट, ब्रेक ऑइल किंवा क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर पडलेलं पिंप फुकट मिळालं तरी परत करा.

पाणी काढायचं ते डिझेल मिसळण्यापूर्वी. नुसतं ऑइल ८० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, मग रात्रभर निवू द्या, तळचं काढून टाका. १०० च्या वर नेऊ नका. तळाशी पाणी असेल तर सगळं उसळून बाहेर येतं. खात्री करायला विजेच्या शेगडीवरचा तवा १४०-१५० अंशांवर तापवून त्यावर थेंब टाका. तडतडला तर अजून पाणी आहे. गॅसची शेगडी या कामाला नको.

यानंतर निम्मं डिझेल घालून (एक-पंचमांशासाठी लागणारं बाकीचं नंतर) पिंप चार आठवडे हलवायचं नाही. इथे बहुतेकांची चूक होते: आधी गाळतात, मग मिसळतात. इंजिन ऑइलमधली डिस्पर्संट नावाची रसायनं काजळी तरंगत ठेवतात. ऑइल पातळ केलं की त्यांची पकड सुटते आणि काळा साका खाली बसतो. गाळून झाल्यावर मिसळलंत तर हा साका गाडीच्या टाकीत बसेल आणि दोनशे किलोमीटरवर फिल्टर चोंदेल. पिंपाचा नळ तळापासून वीतभर वर हवा.

चार आठवड्यांनी सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कचरा कडेला फेकणारं यंत्र. १५ सेंटिमीटरचा बाऊल ६,००० आरपीएमला फिरला की कडेला गुरुत्वाच्या सुमारे ३,००० पट जोर मिळतो. ताशी ३५-४० लिटरपेक्षा जास्त सोडू नका, दोनदा फिरवा. तापमान ४०-४५ अंश पुरे. नुसतं १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर ११० सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं माप) आसपास असतं. निम्मं डिझेल घातलं की तेच १२-१३ वर येतं. शिवाय इथल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) किमान ५२ अंशांचा, म्हणजे मिश्रण ८० पर्यंत तापवणं हे आगीला आमंत्रण. पेट्रोल घालून पातळ करणारेही भरपूर आहेत. टाकीत वाफ साठते, सीटेन (डिझेलची पटकन पेट घेण्याची क्षमता) उतरतो, इंजिन ठोकायला लागतं. करू नका.

शेवटी २ मायक्रॉनचं फिल्टर कार्ट्रिज. गाडीवर वॉटर सेपरेटर आणि पंपाच्या आधी प्रेशर गेज लावलेलं आहे. फिल्टर किलोमीटर मोजून नाही, गेज बघून बदलायचा.

आता मुख्य अडचण. सेंट्रिफ्यूज कचरा काढतं, झिंक आणि कॅल्शियम काढत नाही. ते ऑइलमध्ये विरघळलेल्या ॲडिटिव्हमध्ये असतात आणि जळल्यावर राख होतात. डिझेल इंजिन ऑइलमध्ये सल्फेटेड राख (ऑइल जाळल्यावर उरणाऱ्या राखेचं माप) साधारण १ टक्का धरली, तर १०० लिटर, म्हणजे सुमारे ८७ किलो ऑइलमागे पाऊण किलोच्या वर राख. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, उरलेली इंधन फवारणाऱ्या नोझलच्या टोकावर, टर्बोच्या टर्बाइनवर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसते.

निम्म्या मिश्रणावर ५,००० किलोमीटरला नोझल उतरवले तेव्हा टोकांवर करडी-पांढरी, नखाने न निघणारी खपली होती. नोझल उघडण्याचा दाब २६० बार हवा. सहांपैकी दोन २४० च्या खाली, एकाचा फवारा एका बाजूला. साफ करून, दाब जुळवायला शिम (पातळ चकत्या) घालून परत बसवले. एक-पंचमांशावर पुढचे ९,००० किलोमीटर झाले तरी खपली पातळच आहे. टॅपेट गॅप (इनलेट ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिमी) हलला नाही. इंजिन ऑइल मात्र नेहमीच्या निम्म्या अंतराला बदलतो.

चालवताना कूलंट ७५ अंशांवर आलं की मिश्रणावर जायचं, थांबण्याआधी पाचेक किलोमीटर डिझेलवर यायचं. टाकी बदलणारा व्हॉल्व्ह सहा तोंडांचा घ्या, म्हणजे रिटर्न लाइनही (उरलेलं इंधन टाकीत परत नेणारा पाइप) बरोबर बदलते. नाहीतर मिश्रण परतून डिझेलच्या टाकीत शिरतं आणि सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसते. जुने रबरी पाइप काढून वायटॉनचे (इंधनाला टिकणारं रबर) घाला. गाडी मिश्रणावर तासन्‌तास रिकामी चालू ठेवू नका. खरं तर एक-पंचमांशाला दुसरी टाकी उन्हाळ्यात लागतही नाही, पण बसवली आहे तर असू दे.

पिकअप आणि ॲव्हरेज तेच, लिटरला ७ च्या आसपास. वाचलेलं डिझेल सुमारे ५०० लिटर. सेंट्रिफ्यूज, व्हॉल्व्ह, गेज, फिल्टर यांचा खर्च अजून निघालेला नाही, आणि शनिवार-रविवारची मजुरी धरलेलीच नाही.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलला गंधकाची मर्यादा १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग), आणि इंजिन ऑइलमध्येच ते हजारांत असतं. भारतात वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचं. सेंट्रिफ्यूजच्या बाऊलमधला डांबरासारखा लगदाही तसाच घातक: झाकणाच्या डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा, बांधावर ओतायचा नाही.