खतखत्यात नव्या जिन्नसांना जागा किती?

गोव्यात आणि दक्षिण कोकणात खतखते हे सणाचे कालवण मानले जाते. तूरडाळीत शिजलेल्या पाच-सात किंवा त्याहून अधिक भाज्या, ओल्या खोबऱ्याचे वाटण, आंबटपणापुरती आमसुले, किंचित गूळ आणि या सर्वांवर तरंगणारा तिरफळ या मसाल्याचा वास एवढाच त्याचा संसार असतो. कांदा-लसूण नसतो, बहुतेक घरांत फोडणीही नसते, आणि म्हणूनच गणेश चतुर्थीच्या नैवेद्याच्या पानावर ते निर्धास्तपणे वाढले जाते. या भांड्यात पनीर, मश्रूम, सोयाबीनच्या वड्या किंवा ब्रोकोली घालावी काय, हा प्रश्न आता घरोघरी निघतो, आणि तो विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना कणगीचा कंद, सुरण किंवा नीरफणस मिळत नाही म्हणून पर्याय हवा असतो. काहींना सर्व भाज्या मिळतात, पण खतखते आणि भात एवढ्यावर जेवण पूर्ण व्हावे म्हणून प्रथिनांची भर हवी असते. दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

परंपरेच्या नावाने प्रत्येक नव्या जिन्नसाला दार बंद करणे इतिहासाला धरून होणार नाही. आफोंसो द आल्बुकेर्क याने 1510 मध्ये गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीज व्यापारातून अमेरिका खंडातील जी पिके इकडे आली, त्यांतील मिरची, मका, रताळे, बटाटा आणि लाल भोपळा आज खतखत्यात इतके मुरले आहेत की त्यांना कोणी पाहुणे म्हणणार नाही. नीरफणसाचे मूळही प्रशांत महासागराकडचे आहे. ऋषिपंचमीच्या भाजीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही या नियमातूनच ती भाजी जन्मली आणि तिथे जिन्नस बदलला की व्रताचा अर्थच बदलतो. खतखत्यावर असे बंधन नाही. माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगल्या जाणाऱ्या फळा-भाज्यांच्या चौकटीच्या) बाजारात त्या आठवड्यात जे ताजे येते त्यावर भाज्यांची यादी ठरत आली आहे, आणि शेजारच्या दोन घरांतील खतखतेसुद्धा सारखे निघत नाही.

म्हणून जिन्नस देशी की परदेशी हे पाहण्यापेक्षा तो भांड्यात कोणते काम करणार आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. कंद आणि कच्ची केळी रस्सा धरून ठेवतात. भोपळा थोडा विरघळून त्याला दाटपणा देतो. मुळा आणि शेवग्याच्या शेंगा गोडसर चवीला उग्रपणाची कड देतात. आमसूल, खोबरे आणि तिरफळ या तिघांवर पदार्थाची ओळख उभी असते. भाज्यांच्या गटात अदलाबदलीला भरपूर वाव आहे. शेवटच्या तिघांच्या बाबतीत तो फार थोडा आहे, आणि नव्याने करून पाहणारे नेमके तिथेच सढळ हाताने बदल करतात.

आधी भाज्यांच्या पर्यायांकडे पाहू. कणगीऐवजी बटाटा हा सर्वांत सोपा उपाय आहे, पण तो लवकर फुटतो आणि उरलेला रस्सा पिठूळ करतो, म्हणून त्याचे प्रमाण कमी ठेवून जोडीला अळकुड्या घेणे चांगले. लंडनसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भारतीय दुकानाबरोबरच कॅरिबियन आणि आफ्रिकी किराणा दुकानांत अवश्य डोकवावे. तिथे याम म्हणून मिळणारा कंद कोनफळाच्या कुळातला असतो, एडो ही आपल्या अळकुडीची सख्खी बहीण आहे, हिरवे प्लँटेन कच्च्या केळ्याचे काम चोख करते आणि ब्रेडफ्रूट म्हणजे तर साक्षात नीरफणसच. (प्रशांत महासागरातील ही झाडे विल्यम ब्लाय या कप्तानाने 1793 मध्ये वेस्ट इंडीजला नेली, म्हणजे एकाच फळाचे दोन प्रवास दोन दिशांनी झाले.) लाल भोपळ्याच्या जागी बटरनट स्क्वॉश बिनधास्त घ्यावा, तो आपल्या भोपळ्यापेक्षा घट्ट असल्याने फोडी शाबूत राहतात. मुळ्याऐवजी सलगम चालतो, त्यामुळे उग्रपणा थोडा कमी होतो इतकेच.

पार्सनिपबद्दल माझे मत सावध आहे. त्याला स्वतःचा गोडवा आणि स्वतःचा वास असल्याने रताळ्याबरोबर घातल्यास रस्सा गुळमट होतो, म्हणून घालायचाच असेल तर रताळे वगळून घालावा आणि गूळ निम्मा करावा. चतुर्थीच्या सुमारास गोव्यात मक्याच्या कणसाचे गोल तुकडे खतखत्यात पडतातच, पण बाजारातील स्वीट कॉर्न त्याहून बरेच गोड असते, तेव्हा गुळाचा हिशेब तिथेही करावा लागतो. झुकिनी घालू नये, तिचे पाणी होते. बीट घालू नये, कारण सर्व भाज्या एकाच रंगाच्या होतात. ब्रोकोली पाच मिनिटांहून अधिक शिजली की तिला गंधकासारखा वास सुटतो. मुळ्याचा वास तसाच उग्र असल्याने दोन्ही एकत्र आल्यास तिरफळाचे काही चालत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत निवड जास्त अवघड आहे, कारण इथे प्रत्येक जिन्नस काही देतो आणि काही काढून घेतो. पनीर लहान मुलांना आवडते आणि मुळात आंबट घालूनच फाडलेले असल्यामुळे आमसुलाने बिघडत नाही. परंतु रस्सा त्याच्या आत शिरत नाही, आणि त्यातील दुधाची स्निग्धता खोबऱ्याच्या स्निग्धतेवर चढून आंबटपणा बोथट करते. टोफूमध्ये दुधाची अडचण नाही, आणि तो आधी गोठवून, वितळवून, तळव्यांमध्ये दाबून घेतला तर त्याला स्पंजासारखी छिद्रे पडतात व रस्सा आत जातो, त्यामुळे पनीर आणि टोफू यांत मी टोफूला पसंती देईन. सोयाबीनच्या वड्यांमध्ये कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, आकड्यांत त्या सर्वांवर मात करतात. पण त्यांचा वास दोनदा उकळून, पिळूनही पूर्ण जात नाही आणि भांड्यातील रस्सा त्या इतका शोषतात की वाढण्याच्या वेळेपर्यंत खतखत्याची सुकी भाजी झालेली असते.

या सर्वांपेक्षा साधा उपाय कडधान्याचा आहे. रात्रभर भिजवून वेगळे शिजवलेले पांढरे वाटाणे, चवळी किंवा हरभरे एक वाटीभर घातले तर चव जागेवर राहते आणि डाळीशी त्यांचे पटते. काही घरांत वाटाणे आधीपासूनच पडतात. वेगळे शिजवण्याचे कारण असे की आंबटात कडधान्य आणि भाज्या दोन्ही शिजायला वेळ घेतात, म्हणूनच आमसुलेही भाज्या मऊ झाल्यावर घालतात. मग डाळच दुप्पट का करू नये, असे कोणी विचारेल. करता येते, परंतु सहा माणसांच्या खतखत्याला अर्धी वाटी डाळ पुरते. त्यापुढे गेल्यास भाज्या घातलेली आमटी तयार होते, आणि आमटीच करायची तर एवढ्या भाज्या चिरण्याचे कष्ट घ्यायचे कारण उरत नाही.

मश्रूमचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी ओळमी गोव्यात चढ्या भावाने विकली जातात आणि आवडीने खाल्ली जातात, तेव्हा अळंबी हा जिन्नस त्या स्वयंपाकघराला परका नाही. तथापि ती सहसा स्वतंत्र पदार्थात शिजते, खतखत्यात नाही. दुकानातील बटण मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ती तशीच घातली की हे पाणी पिवळ्याधमक रश्श्यात उतरून त्याला राखाडी छटा देते, आणि कांदा-लसूण नसलेल्या या सौम्य पदार्थात अळंबीची मांसल चव इतर सर्व भाज्यांवर कुरघोडी करते. रविवारच्या जेवणाला मश्रूम हवीच असतील तर ती कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून शेवटी घालावीत. सुक्या सुंगटांबद्दलही (कोळंबीबद्दल) हेच म्हणता येईल: चवीला उत्तम, पण त्या भांड्याला मग खतखते म्हणण्यास मी तयार नाही.

आता ज्या तीन जिन्नसांना हात लावताना विचार करावा, त्यांच्याकडे येऊ. आमसुलाऐवजी टोमॅटो घालणारे पुष्कळ आहेत. टोमॅटोचा आंबटपणा सौम्य असतो आणि सुरण किंवा अळकुडीची खाज मोडण्यास तो कमी पडतो, म्हणून कंद असतील तेव्हा टोमॅटोवर विसंबू नये. आमसूल नसेल तर चिंच घ्यावी, रंग थोडा काळपट होईल. खोबऱ्याच्या बाबतीत डब्यातील नारळाचे दूध आणि फ्रीझरमधील खवलेला नारळ यांपैकी दुसरा पर्याय निःसंशय सरस आहे. दुधाने रस्सा पातळ आणि तेलकट लागतो, जोरात उकळल्यास फुटतोही. वाटलेल्या खोबऱ्याचा बारीक रवाळपणा मात्र भाजीला चिकटून राहतो.

तिरफळाला पर्याय शोधणे सर्वांत कठीण. वाळलेले तिरफळ हातात घेतले की त्याचे तडकलेले टरफल उघडून आतील काळी बी काढून टाकावी लागते, कारण ती कडू असते. मग टरफले थोड्या पाण्यात हलकीच ठेचून, पाण्यासकट उकळत्या खतखत्यात सोडायची, सहा माणसांना आठ-दहा पुरतात. लिंबाची साल आणि ओले लाकूड यांच्यामधला तो वास आणि ओठांवर उठणारी बारीक झिणझिणी दुसऱ्या कोणत्याही मसाल्यात तशी मिळत नाही. चिनी दुकानातील सिचुआन मिरी त्याच कुळातील आहे आणि परदेशात तोच सर्वांत जवळचा पर्याय ठरतो, पण तिची झिणझिणी अधिक तीव्र असल्याने प्रमाण निम्मे ठेवावे आणि ती आकाराने लहान असल्यामुळे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडावी, नाहीतर वाढताना एकेक वेचून काढणे अशक्य होते. काळी मिरी आणि लिंबाची साल यांची जोडगोळी मी सुचवणार नाही. आयुर्वेदिक दुकानातील त्रिफळा चूर्ण हिरडा, बेहडा आणि आवळ्याचे असते, तिरफळाशी त्याचे फक्त नाव जुळते. घाईत तेच उचलले जाण्याचे प्रकार घडतात.

नैवेद्याचे पान असेल तर निर्णय सोपा होतो: घरात जे चालत आले आहे तेवढेच करावे, भाजी मिळाली नाही तर वगळावी, आणि मश्रूम किंवा सोयाबीनचा विचार त्या दिवशी करू नये. इतर दिवशी पर्याय निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खतखते दुसऱ्या दिवशी अधिक मुरते आणि अनेकांना ते तसेच जास्त आवडते. वाटाणे आणि चवळी घातलेले खतखते सकाळी गरम केल्यावर उलट चविष्ट लागते. पनीर तोवर चिवट झालेले असते, सोयाबीनने उरलेला रस्साही पिऊन टाकलेला असतो, आणि मश्रूमचे खतखते मात्र त्याच दिवशी संपवलेले बरे.